आवाज काढला, दोष ठेवला

नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने फौजेतून पेन्शनवर आलेल्या हवालदार रामदास गांगुर्डे याला फसवलं. गाडी वळताना पुढून आवाज येत होता. रामदासने तो ऐकला आणि दुरुस्ती करून मागितली. व्यापाऱ्याने दोष तसाच ठेवला, फक्त आवाज काढला, आणि गाडी ओके आहे असं सांगून त्याच्या हातात किल्ली दिली. रामदास त्याच गाडीच्या अपघातात गेला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे, चालकाचा ताबा सुटला.

व्यापाऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वकिलाने थांबवलं आहे. मला थांबवणं सोपं नाही, हे माझ्या गॅरेजमध्ये बिलावरून वाद घातलेल्या कुणालाही विचारा. पण रामदासच्या बायकोची, माझ्या वहिनींची केस चालू आहे, तिला धक्का नको. बाकी सगळं लिहितो. रामदास कसा ड्रायव्हर होता हे त्याच्यासोबत नोकरी केलेल्या माणसाने सांगितलं पाहिजे. तो माणूस मी आहे.

मी मनमाडचा. आडनाव अहिरे. वडील रेल्वेत होते. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जायचे. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक ठप्प आवाज करतं. मी लहानपणी हेच ऐकलं. आयटीआय केलं आणि फौजेच्या ईएमईत, म्हणजे गाड्या, तोफा आणि यंत्रं चालू ठेवणाऱ्या कोअरमध्ये, व्हेईकल मेकॅनिक म्हणून भरती झालो. मला कुणाच्या ओळखीने काही मिळालं नाही. जे मिळालं ते हाताने मिळवलं आणि भाव करून घेतलं.

रामदास उत्तर सिक्कीममध्ये भेटला. तोफखान्याच्या एका युनिटसोबत आमची लहान डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, होती. तो त्या युनिटचा ड्रायव्हर. पेठ तालुक्यातल्या कोकणा समाजाच्या घरातला, भात आणि नागली पिकवणाऱ्यांचा मुलगा. कुणीतरी त्याला सांगितलं की वर्कशॉपमध्ये नाशिक जिल्ह्याचा एक माणूस आलाय. तो आला आणि दारातच उभा राहिला.

"मनमाडचा ना तू? तिथं माणसं राहतात का?"

"मग काय करतात?"

"मला वाटलं नुसती गाडी बदलतात."

"तुमच्या पेठला बदलायला गाडी तरी येते का रे?"

त्यावर तो मोठ्याने हसला आणि आत येऊन बसला. त्यानंतर तो चहाला रोज येऊ लागला.

फौजेत गाडी हलण्याआधी रोज फर्स्ट परेड होते. ऑइल, पाणी, टायर, नटबोल्ट, दिवे. त्या थंडीत बोटं बधिर व्हायची. बरेच ड्रायव्हर घाईत उरकायचे. रामदास इंजिन चालू करण्याआधी खाली उकिडवा बसायचा, मला किंवा दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग फिरवायला लावायचा आणि स्प्रिंगवर तळहात ठेवायचा. हाताने ऐकायचा.

मी एकदा म्हटलं, "इंजिन लाव ना, हलकं फिरेल."

"इंजिन लागलं की गाडी खोटं बोलती," तो म्हणाला.

आमच्या डिटॅचमेंटच्या सुभेदार साहेबांचा एक नियम होता. दुरुस्त गाडी रोड टेस्टला निघाली की ज्याने दुरुस्ती केली तो डाव्या सीटवर बसणार. ब्रेकचं काम केलं असेल तर उतारावर. स्टिअरिंगचं केलं असेल तर वळणावर. एका बाजूला दरी असायची. मेकॅनिक परत येऊन गाडीतून उतरला आणि "ओके" म्हणाला की गाडी ओके. तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. क्लार्कने नाही, स्टोअरवाल्याने नाही, साहेबांनीही नाही. ओके दिलेली गाडी दुसऱ्या मेकॅनिकने कारण नसताना उघडली तर तो पहिल्याचा अपमान धरला जाई. त्यावरून हाणामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. एकीत मी होतो.

फौजेबाहेरच्या वाचकांना थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाडी वळताना पुढून येणारा प्रत्येक आवाज वेगळा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली आणि चाकाच्या फेऱ्यासोबत कट-कट-कट असं वाजलं, तर इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टचा सांधा गेलेला असतो. गाडी उभी आहे, स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग उडाल्यासारखा "टंग" आवाज आला, तर शॉकअबच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकतंय. लहान खड्ड्यातून हलकी खट-खट येते ती बहुतेक वेळा लिंक रॉडची. हे आवाज चीड आणतात, खर्चात पाडतात, पण सहसा लगेच माणूस मारत नाहीत.

वळताना खालून जुन्या बिजागरीसारखी कुरकुर येते आणि मधूनच एखादा दबका ठोका बसतो, तो बॉल जॉइंट. आपल्या खांद्याचा सांधा असतो तसाच. वाटीत गोळा बसवलेला. बाहेरून रबराची टोपी, आत ग्रीस. चाक त्याच्या आधाराने वळतं. टोपी फाटली की आत पाणी आणि माती जाते, ग्रीस वाळतं, वाटी झिजते. एक दिवस गोळा वाटीबाहेर येतो. मग तुमच्या हातात स्टिअरिंग असतं आणि चाक मात्र आडवं पडलेलं असतं. त्यानंतर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी काही उपयोग नाही.

तपासायची रीत साधी आहे. चाक जॅकवर उचलायचं. एकाने टायरखाली पहार घालून वर रेटायचं, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवायचं. सांधा बोटाखाली हलला तर तो बदलायचा. बदलल्यावर अलाइनमेंट करायची. झिजलेल्या वाटीला ग्रीस हा उपाय नाही. ग्रीसने फक्त कुरकुर थांबते.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वरच्या पोस्टवरून सकाळी एका सिपायाला खाली आणलं. नाव जितेंद्र, बिहारचा, युनिटमध्ये नवा. उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरलं होतं. ओठ निळे पडले होते. अशा माणसाला एकच मुख्य औषध असतं, त्याला लवकर खाली नेणं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पोस्टला गेलेली. एक हलकी गाडी लावली. रामदास ड्रायव्हर. मागे जितेंद्र आणि ऑक्सिजन धरून बसलेले डॉक्टर कॅप्टन साहेब. मी पुढे डाव्या सीटवर, कारण खालचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता आणि वाटेत काही झालं तर मेकॅनिक हवा होता. फर्स्ट परेड रामदासने स्वतः केली होती. तेव्हा गाडीत काही दोष नव्हता.

अर्ध्या वाटेवर नाल्याने रस्त्यावर दगड आणून टाकले होते. त्यातूनच गाडी काढावी लागली. पुढचं उजवं चाक एका दगडावरून जोरात उतरलं. पुढच्या वळणावर रामदासने मान किंचित वाकडी केली. त्याच्या पुढच्या वळणावर त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि थांबवली.

"क्या हुआ?" डॉक्टर साहेबांनी मागून विचारलं.

"साहब, आवाज है."

"कैसी आवाज? चलाओ!"

"सामने से. मोड पर."

"गांगुर्डे, ये मर जाएगा. इट्स अॅन ऑर्डर. चलाओ."

रामदासने इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"साहब, पहिया निकल गया तो चारों जाएंगे." मग मला मराठीत म्हणाला, "खाली बघ. लवकर."

मी गाडीखाली गेलो. उजव्या बॉल जॉइंटची टोपी फाटली होती. जॅक लावला, पहार घातली. गोळा वाटीच्या काठावर आला होता. पुढचं वळण त्या सांध्याने काढलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही. दोन वळणं नक्कीच काढली नसती. त्या मापाचा सांधा माझ्याजवळ नव्हता.

डॉक्टर साहेबांनी वायरलेस सेट घेतला आणि युनिटला लावला.

"नायनर, दिस इज थ्री. गाडी व्हीओआर, चलने लायक नहीं. दूसरी गाडी भेजो. ओव्हर."

"थ्री, पेशंट कैसा है? ओव्हर."

"सीरियस. ओव्हर."

"गाडी धीरे-धीरे चल सकती है क्या? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली.

"नेगेटिव्ह. ओव्हर."

"वेट. आउट."

ट्रक यायला वेळ लागला. तोपर्यंत रामदास जितेंद्रचे पाय स्वतःच्या कोटात गुंडाळून बसून होता. ट्रकमध्ये जितेंद्र दोनदा बोलला. काय बोलला ते इंजिनच्या आवाजात कळलं नाही. फील्ड हॉस्पिटलच्या गेटात डॉक्टर साहेबांनी ऑक्सिजनचा मास्क काढला. तो का काढला हे आम्ही विचारलं नाही.

चौकशी झाली. रामदासला विचारलं, ऑर्डर असताना गाडी का थांबवली? तो सावधानमध्ये उभा होता. म्हणाला, "साहब, आवाज था." दुसरं काही सांगायचंय का, असं विचारलं. "नहीं साहब." मी सांध्याबद्दल जे पाहिलं ते सांगितलं. डॉक्टर साहेबांनी स्वतः जबाब दिला की हा माणूस थांबला नसता तर जबाब द्यायला मीही नसतो. रामदासवर ठपका आला नाही.

तो त्या विषयावर बोलत नसे. एकदाच बोलला. आम्ही सुट्टीवर येत होतो, इगतपुरी मागे पडलं होतं.

"अहिरे, मी चालवली असती तर?"

"तर आपण सगळे गेलो असतो."

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "तरी विचारतो."

पुढे दोघंही पेन्शनवर आलो. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गॅरेज टाकलं. आधी पत्र्याची शेड होती, आता दोन रॅम्प आहेत. रामदास अंबडच्याच एका कारखान्याची कामगारांची बस चालवू लागला. पेठ रोडला भाड्याने राहायचा. बसला त्याने कधी ओरखडा येऊ दिला नाही. कामगार त्याला "कासव" म्हणायचे. त्याला त्याचा राग नव्हता. "कासवाची बस आली" म्हणून ते ओरडायचे तेव्हा तो हॉर्न वाजवायचा.

त्याला स्वतःची गाडी हवी होती. वहिनींचे गुडघे गेले होते, गावी जाताना त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. मी पुण्याला होतो, मुलीच्या बाळंतपणासाठी. मी येईपर्यंत थांब म्हटलं होतं. तो थांबला नाही. परत आलो तर तो गाडी घेऊन गॅरेजच्या दारात. बॉनेटला हळदकुंकू लावलेलं.

"कितीला?" मी आधी हेच विचारलं.

त्याने आकडा सांगितला. मी कपाळावर हात मारला. "मला नेलं असतं तर शेवटी टायरही नवे टाकून घेतले असते."

"तू नसतास तरच गाडी मिळते. तुझ्याबरोबर गेलं की भांडणच घरी येतं."

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी व्यापाऱ्याच्या आवारात गाडी वळवताना त्याला पुढून कुरकुर ऐकू आली. उजवीकडून. त्याने सांगितलं, हे दुरुस्त करा, मग घेतो. व्यापारी म्हणाला, "फौजी, कान लय तिखट तुमचे. परवा या." तो परवा गेला. आवाज नव्हता. त्याने विचारलं, वर्कशॉपने ओके दिलं का? व्यापारी म्हणाला, "एकदम ओके."

"लाव रॅम्पवर," मी म्हणालो. "खालून बघतो."

"ओके दिलेली गाडी उघडतोस?"

"हे सिव्हिल आहे, रामदास."

"म्हणजे सिव्हिलचा मेकॅनिक माणूस नाय का? त्याने काम केलं, ओके दिलं. त्याच्या मागे उघडून बघणं बरं नाय. आणि तुझं बिल कोण भरणार?"

मी निदान फिरवून बघतो म्हटलं. आमच्या गॅरेजमागे एका कारखान्याची लांब कंपाउंडची भिंत आहे. काचा खाली करून त्या भिंतीलगत हळू गाडी चालवली की खालचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. एकदा भिंत डावीकडे ठेवून जायचं, एकदा उजवीकडे. कोणत्या चाकाचा आवाज आहे ते कळतं. मी दोन्हीकडून गेलो. शेवटच्या मोकळ्या जागेत पूर्ण वळणं घेतली. कुरकुर नाही, ठोका नाही, काही नाही. या शहरात माझ्या कानावर लोक पैसे मोजतात. मलाही काही ऐकू आलं नाही. रामदास डाव्या सीटवरून माझ्याकडे बघत होता.

"झालं समाधान? आता चहा सांग."

काही आठवड्यांनी तो आणि वहिनी गावच्या बोहाड्याला, देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाला, निघाले. त्याच्या घरच्यांकडे एका सोंगाचा मान होता, त्यामुळे जाणं भाग होतं. दुपारची वेळ, कोरडा रस्ता. पेठकडच्या घाटात एका डाव्या वळणावर पुढचं उजवं चाक आडवं झालं. गाडी वळायचं सोडून सरळ उजवीकडे ओढली गेली आणि कातळावर आदळली. ड्रायव्हरची बाजू आत गेली. रामदास जागीच गेला. वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये मी वहिनींना विचारलं. विचारायला नको होतं, पण मला कळायलाच हवं होतं.

"वहिनी, वळणाच्या आधी काही वाजलं का?"

"नाय भाऊ. काहीच नाय. ते गाडीत गाणं बी लावू देत नव्हते, तुम्हाला ठाऊक हाय."

"वेग?"

"मागचे लोक हॉर्न मारत होते, एवढी हळू. वळण घेतलं आन् गाडी बसल्यासारखी झाली. ते स्टिअरिंग फिरवत होते. गाडी ऐकेना." मग म्हणाल्या, "ते एवढंच म्हणाले, 'अगं, धर.'"

पोलिसांनी जे समोर दिसलं ते लिहिलं. ब्रेकच्या खुणा, वळण, कातळ. चालकाचा ताबा सुटला. मी त्यांना दोष देत नाही, पंचनामा करणारा मेकॅनिक नसतो. पण ते वाक्य गावात पोचलं. बोहाड्याला जमलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, फौजेतला ड्रायव्हर म्हणे, साधं वळण काढता आलं नाही. कुणी म्हणालं, प्यायला असेल. रामदास दारूला शिवत नव्हता. वहिनींनी हे पलंगावर पडल्या पडल्या ऐकलं.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवली होती. परवानगी काढून, शिपायासमोर, मी ती पाहिली. कशालाही हात लावला नाही. बॅटरी धरली आणि फोटो काढले.

उजवा बॉल जॉइंट वाटीतून सुटला होता. वाटी एका बाजूने झिजून लांबट झालेली, काठ घासून चकचकीत. असं एका धडकेत होत नाही, त्याला महिने लागतात. तळाशी काळं, वाळून खडे झालेलं जुनं ग्रीस. त्याच्यावर निळं, ताजं, घट्ट ग्रीस ठासून भरलेलं. रबराच्या टोपीच्या वरच्या घडीत एक बारीक गोल भोक. सुईचं. जनावरांना टोचायची जाड सुई मिळते, तिच्या सिरिंजमध्ये ग्रीस भरायचं, टोपीतून आत सारायचं. सांधा काढावा लागत नाही, बदलावा लागत नाही, चाकही उतरवावं लागत नाही. कुरकुर बंद होते. ठोकाही घट्ट ग्रीसमध्ये दबून जातो. काही आठवडे टिकतं. गाडी विकायला तेवढे पुरतात.

मग मी दुसऱ्या बाजूला गेलो. डावीकडच्या टोपीला भोक नव्हतं. आतून निळं ग्रीस डोकावत नव्हतं.

मी तिथेच जमिनीवर बसलो. शिपाई म्हणाला, "काका, पाणी देऊ का?"

डाव्या टोपीला भोक नाही, याचा अर्थ नीट समजून घ्या. अंदाजाने काम करणारा माणूस दोन्हीकडे ग्रीस भरतो. ज्याने ही सुई घातली त्याने आवाज ऐकला होता. कोणत्या बाजूचा, कोणत्या सांध्याचा, हे त्याने अचूक ओळखलं होतं. नंतर त्याने सांधा बदलण्याऐवजी गप्प केला.

मी व्यापाऱ्याकडे गेलो. त्याचं ऑफिस काचेचं, आत गारवा. त्याने मला गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली. मी फोटो टेबलावर ठेवले.

"सुई कुणी घातली?"

"कसली सुई साहेब?"

मी सांगितलं. रामदासचं नाव घेतल्यावर त्याचा चेहरा बदलला, पण फार नाही.

"वाईट झालं. पण जुनी गाडी आहे. जुन्या गाडीत काय काय निघतं."

"मी जुनेपणा विचारत नाही. सुई विचारतोय. काम कुणी केलं?"

"आम्ही घेतो आणि विकतो. कामाला बाहेरची पोरं येतात. दहा येतात, दहा जातात."

"रोड टेस्ट कुणी घेतली?"

तो हसला. "काका, ही फौज आहे का?"

"तू त्याला ओके म्हणालास."

"अहो, ओके म्हणजे काय? चहा आला, ओके. गिऱ्हाईक गेलं, ओके. बायकोचा फोन आला, ओके ओके. दिवसभर म्हणतो मी. ती बोलायची पद्धत आहे."

हे त्याने खरं सांगितलं असावं. त्या शब्दामागे त्याच्याकडे काहीच नव्हतं. रामदासच्या कानावर तोच शब्द पडला तेव्हा त्यामागे एक माणूस डाव्या सीटवर बसून वळण घेऊन आलेला होता. त्या एका शब्दामुळे त्याने गाडी माझ्या रॅम्पवर चढू दिली नाही.

मग व्यापारी पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाईंसाठी काहीतरी करू आपण. तुम्ही व्यवहारी माणूस दिसता. आकडा बोला."

मी आयुष्यभर भाव केला आहे. भाजीवाल्याशी, पत्र्याच्या ठेकेदाराशी, पोरीच्या लग्नात मांडववाल्याशी. समोरच्याने आकडा बोला म्हटलं की माझ्या तोंडात आकडा तयार असतो. त्या दिवशी मी आकडा बोललो नाही. वहिनींनी मला एकच सांगून पाठवलं होतं. "भाऊ, पैसं मागू नका. ते चुकले नाय, एवढं लिहून आणा."

"लिहून दे," मी म्हणालो. "सांध्यात दोष होता, तुला माहीत होता, तू तो झाकून विकलास. एवढं लिही."

"वेडे आहात का तुम्ही?"

मी टेबल उलटलं. काच फुटली. त्याच्या माणसांनी मला बाहेर काढलं आणि तक्रार दिली. त्या तक्रारीवर मी ठाण्यात जाऊन आलो आहे. काचेचे पैसे द्यायची माझी तयारी आहे. आधी तिचाही भाव करीन.

गाडीची सरकारी तपासणी झाली. अहवालात लिहिलं आहे की सांधा सुटलेला आढळला. अपघाताआधी सुटला की अपघातामुळे, हे निश्चित सांगता येत नाही. व्यापाऱ्याचा वकील आता या वाक्याचा आधार घेतो. मी फोटोंसह लेखी अर्ज दिला आहे की झिजलेली वाटी, दोन रंगांचं ग्रीस आणि एकाच बाजूचं भोक पुन्हा तपासा. तारखा पडत आहेत. वहिनी वॉकर घेऊन येतात आणि बाकावर बसतात. समोरचा वकील त्यांना दरवेळी तेच विचारतो, नवरा गाडी जोरात चालवायचा का? त्या दरवेळी तेच सांगतात, नाय.

सिपाई जितेंद्र गेल्यावर चौकशी झाली. वर्दीतली माणसं समोर बसली, प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाने उत्तर दिलं. मरता माणूस मागे असताना ज्याने एका आवाजासाठी गाडी थांबवली, तो हवालदार रामदास गांगुर्डे नाशिकच्या रस्त्यावर गेला. त्याच्या मागे अजून कुणी उभं राहून उत्तर दिलेलं नाही. त्याने वळणावर चूक केली नाही. त्याला आवाज ऐकू आला असता तर तो थांबला असता. तो आवाज त्याच्यापासून काढून घेतला.

व्यापाऱ्याला मी पुन्हा विचारणार नाही, त्याला कोर्ट विचारेल. मी विचारतो आहे त्या मेकॅनिकला, जो या शहरात आजही कुठेतरी कुणाच्या गाडीखाली झोपून काम करतो आहे. तुझा कान चांगला आहे. उजवीकडचा सांधा तू पहिल्या झटक्यात ओळखलास, हे मी तुझ्याच कामावरून सांगतो. त्या सांध्याचं पुढे काय होतं हे आपल्या धंद्यात शिकाऊसुद्धा जाणतो, म्हणजे तूही जाणत होतास. मग सुई तुझ्या हातात कुणी दिली? समोर ये, वहिनींच्या पुढे उभा राहा आणि नाव सांग.